‘आता बरा आहे’ म्हटल्यानंतरचे दिवस

स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, असलेल्या कुणी आत्महत्या केली की त्यानंतर जो वाद झडतो, तो मला आता पाठ झाला आहे. एक पक्ष म्हणतो, कानातले आवाज त्याला हुकूम देत होते, त्यानं गोळ्या टाकून दिल्या असणार, घरच्यांनी नजर ठेवायला नको होती का? दुसरा पक्ष म्हणतो, गोळ्यांनीच त्याचा दगड केला होता, डॉक्टरांनी कपाळावर शिक्का मारला तिथंच तो संपला. दोन्हीकडचे लोक मनापासून बोलत असतात, काहींच्या बोलण्यामागं स्वतःच्या घरातली जखमही असते. पण या दोन पक्षांचं एका बाबतीत गुपचूप एकमत असतं. एकाच्या मते त्याला आजारानं मारलं, दुसऱ्याच्या मते औषधानं. तो माणूस दुःखी असेल, थकला असेल, पुढच्या दहा वर्षांचा हिशेब मांडून घाबरला असेल, हे कुणाच्याच मनात येत नाही. जणू हा आजार झाला की साधं दुःख करायचा हक्कही जातो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. स्किझोफ्रेनियातल्या आत्महत्या बहुतांशी भ्रमाच्या भरात होत नाहीत, त्या हताशेतून होतात. आणि ही हताशा पुष्कळदा आजार शिगेला असताना येत नाही. तो ओसरायला लागल्यावर, आपण सगळे ‘आता बरा आहे’ म्हणून सुटकेचा श्वास टाकतो तेव्हा ती येते. म्हणून ‘आजार की औषध’ हा वाद घालत बसण्यापेक्षा, सावरण्याच्या त्या दिवसांत माणसाला आपण काय देतो, हे विचारायला हवं. एक खुलासा इथंच करते. हताशा समजण्याजोगी आहे याचा अर्थ ती खरी ठरते असा नाही. नैराश्य फार पटण्यासारखं बोलतं आणि बरेचदा खोटं बोलतं. त्यावर उपचार होतात.

आधी आकडे, कारण वादात ते वाटेल तसे फेकले जातात. ‘दहातला एक जण आत्महत्या करतो’ हे वाक्य 1977 सालच्या एका आढाव्यातून आलं आणि पुढची पंचवीस वर्षं पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिलं. 2005 साली जुन्या अभ्यासांची पुन्हा छाननी झाली, तेव्हा आयुष्यभराचा धोका सुमारे 5 टक्के निघाला. आधीच्यांची चूक काय झाली होती? रुग्णांचा मागोवा आजाराच्या सुरुवातीची काही वर्षंच घ्यायचा, त्या काळात जे मरण पावले त्यांत आत्महत्येनं किती गेले ते मोजायचं आणि तेच प्रमाण सगळ्या आयुष्याला लावायचं, अशी ती रीत होती. पंचविशीतला माणूस हृदयविकारानं क्वचितच जातो, त्यामुळं त्या वयातल्या मृत्यूंत आत्महत्येचा वाटा मोठाच दिसणार. या चुकीनं एक खरी गोष्ट मात्र उघड केली. हा धोका आयुष्यभर सारखा पसरलेला नसतो, आजाराच्या पहिल्या काही वर्षांत तो दाटलेला असतो. शंभरात पाच हा आकडा भयंकरच आहे, सर्वसाधारण लोकसंख्येच्या कित्येक पटींनी जास्त. पण शंभरातले पंचाण्णव या वाटेनं जात नाहीत, हेही तितक्याच मोठ्यानं सांगायला हवं. विशेषतः हा लेख एखादा शुभार्थी वाचत असेल तर. (रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणायची पद्धत स्वमदत गटांत आहे. मला ते शब्द आवडतात, मीही शुभंकरच आहे, माझ्या भावाची.)

आता धोका वाढवणाऱ्या घटकांकडं येऊ. 2005 सालीच ऑक्सफर्डच्या कीथ हॉटन आणि सहकाऱ्यांनी 29 अभ्यास एकत्र करून या घटकांचा आढावा घेतला. त्यात ठळकपणे काय दिसलं? पूर्वी येऊन गेलेलं नैराश्य, आधीचा आत्महत्येचा प्रयत्न, व्यसन, अंगातली तगमग, ‘माझं मन विस्कटत चाललंय’ ही भीती, उपचारांत पडलेला खंड आणि नुकतंच गमावलेलं काहीतरी, मग ते माणूस असो की नोकरी. आजाराचं नाव झाकून ही यादी कुणाला वाचायला दिली तर ती कुठल्याही दुःखी माणसाची वाटेल. आणि जे आवाज बातमीच्या मथळ्यात हटकून येतात, त्यांचं काय? या आढाव्यात भास होणाऱ्यांमध्ये धोका जास्त नव्हे, उलट कमीच आढळला.

इथं पहिल्या पक्षाचं एक म्हणणं मान्य करायलाच हवं. ‘मर’ असा हुकूम देणारे आवाज असतात, काही जण त्यांच्यापायी जातात, आणि आधीच खचलेल्या किंवा पूर्वी प्रयत्न केलेल्या माणसाला असे आवाज ऐकू येत असतील तर ती तातडीची वेळ असते. सरासरीनं अशा एकाही माणसाचं दुःख हलकं होत नाही. माझा आक्षेप आवाजांना गंभीरपणे घेण्याला नाही, आवाजांवर सगळं ढकलून बाकीची यादी न वाचण्याला आहे. आवाज गेले की धोका गेला असं समजणारी घरं मी पाहिली आहेत. आमचंच एक घर होतं.

कारण आवाज जातात तेव्हा काय उरतं याचा विचार करून पाहा. बाविसाव्या वर्षी आजार झाला, शिक्षण अर्धवट सुटलं, दोन वर्षं भीतीत आणि संशयात गेली. मग औषधं लागू पडली, धुकं विरलं, आणि समोर काय दिसलं? बरोबरचे पुढं गेलेले, आईवडील दमलेले, आपण कुणाकुणाला काय काय बोललो ते लख्ख आठवतंय, आणि कपाटात एक फाइल, जिच्यावर आपलं नाव आणि त्या आजाराचं नाव शेजारी शेजारी. 1980च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की धोका अधिक असतो तो तरुण, शिकलेल्या, स्वतःकडून मोठ्या अपेक्षा असलेल्या आणि आपल्याला काय झालंय याची नीट जाण असलेल्या रुग्णांमध्ये. ज्या जाणिवेची डॉक्टर आणि घरचे चातकासारखी वाट पाहतात, तीच कधीकधी सगळ्यांत जास्त बोचते.

यावर शुभंकरांच्या बैठकीत हमखास येणारा प्रश्न असा, की मग सांगायचंच कशाला? निदान लपवलं तर ही जखम तरी होणार नाही. प्रश्न मायेपोटी येतो, म्हणून त्याला झिडकारू नये. पण ही माया आपण दुसऱ्या एका आजारात करून पाहिली आहे. 1961 साली अमेरिकेतल्या एका पाहणीत सुमारे 90 टक्के डॉक्टरांनी, आपण रुग्णाला कॅन्सर झाल्याचं सहसा सांगत नाही, असं म्हटलं होतं. 1979 साली तशीच पाहणी पुन्हा झाली तेव्हा 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे होते. मधल्या अठरा वर्षांत रुग्ण काही अधिक धीट झाले नव्हते. सांगितल्यावर पुढं बोलण्यासारखं काहीतरी डॉक्टरांच्या हाती आलं होतं. स्किझोफ्रेनियात नेमकं हेच पुढचं बोलणं राहून जातं. आपण जाणीव देतो ती अर्धीच. ‘तुला हा आजार आहे’ एवढं सांगतो आणि ‘यातून माणसं बाहेर आली आहेत’ हे सांगायला विसरतो. अमेरिकेत व्हर्माँट राज्याच्या मनोरुग्णालयातल्या, ज्यांच्यावर पाणी सोडलं होतं अशा रुग्णांचा कोर्टनी हार्डिंग यांनी कित्येक दशकांनंतर शोध घेतला. 1987 साली छापलेले त्यांचे निष्कर्ष सांगतात की त्यांपैकी निम्म्याहून अधिक जण बरे झाले होते किंवा त्यांच्यात लक्षणीय सुधारणा झाली होती. किती घरांत निदानाच्या दिवशी ही गोष्ट सांगितली जाते?

नावाचाही यात वाटा असतो. जपानमध्ये या आजाराच्या जुन्या नावाचा अर्थ ‘मन दुभंगण्याचा रोग’ असा होता. ते बदला, अशी मागणी रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेनं 1993 साली केली आणि 2002 साली ते बदललं गेलं. नव्या नावाचा अर्थ साधारण ‘एकसंधपणा ढळण्याचा विकार’ असा होतो. त्या वर्षी जेमतेम 37 टक्के रुग्णांना आपलं निदान सांगितलं गेलं होतं, दोन वर्षांत ते प्रमाण 70 टक्क्यांच्या घरात गेलं. गोळ्या त्याच, डॉक्टर तेच, फक्त उच्चारता येईल असा शब्द मिळाला. आपल्या मराठीतला ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द घडवताना व्याकरण अगदी चोख सांभाळलंय, पण तो स्वतःबद्दल मोठ्यानं म्हणून पाहा. ‘मी छिन्नमनस्क आहे.’ भाषांतर बरोबर, आणि माणूस जागच्या जागी ठार.

औषधांच्या प्रश्नावर दुसऱ्या पक्षाशी माझं भांडण आहे आणि ते सौम्य करायची माझी इच्छा नाही. उपचारांत खंड हा धोका वाढवणारा घटक आहे, हे वर आलंच. ‘गोळ्या सोडा, माणूस मोकळा होईल’ असा सल्ला देणारे त्या माणसाच्या पुढच्या सहा महिन्यांची जबाबदारी घेत नाहीत. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाची गोष्ट तर मुळातून पाहण्यासारखी आहे. 1975 साली फिनलंडमध्ये या औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटून 8 रुग्ण दगावले आणि कित्येक देशांतून ते गुंडाळलं गेलं. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना ते उपयोगी पडतं हे 1988 साली सिद्ध झालं, आणि नियमित रक्ततपासणीच्या अटीवर ते परतलं. पुढं 11 देशांतल्या, आत्महत्येचा धोका जास्त असलेल्या 980 रुग्णांवर दोन वर्षं एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2003 साली आले. ओलान्झापिन या दुसऱ्या औषधाच्या तुलनेत क्लोझापिन घेणाऱ्यांत आत्महत्येचे प्रयत्न आणि ते टाळण्यासाठी रुग्णालयात करावी लागलेली भरती सुमारे पाव हिश्शानं कमी होती. औषधच मारतं म्हणणाऱ्यांनी हा पुरावा कुठं ठेवायचा?

पण याच चाचणीत आणखी एक गोष्ट आहे, ती औषधवाले सांगत नाहीत. प्रत्यक्ष मृत्यूंच्या आकड्यात दोन गटांत म्हणावा असा फरक नव्हता, कारण दोन्हीकडं मृत्यू फारच थोडे झाले. रक्ततपासणी क्लोझापिनवाल्यांचीच होती, तरी तुलना नीट व्हावी म्हणून दोन्ही गटांना सारख्याच वेळा, आधी दर आठवड्याला आणि नंतर दर पंधरवड्याला, भेटायला बोलावलं जात होतं. म्हणजे दोन वर्षं कुणीतरी नेमानं त्यांची विचारपूस करत होतं. त्यामुळंच मृत्यू कमी झाले असं या चाचणीवरून सिद्ध होत नाही, तसं मी म्हणणारही नाही. पण नेहमीच्या उपचारांत इतक्या वेळा भेट मिळणारे रुग्ण किती असतील?

आणि ‘गोळ्या सोडल्या’ हे दोन शब्दांचं आरोपपत्र लिहिण्याआधी का सोडल्या ते विचारलं जातं का? काही औषधांनी अकॅथिसिया नावाचा त्रास होतो. पाय एका जागी ठरत नाहीत, बसवत नाही, झोपवत नाही, कातडीच्या आत काहीतरी सळसळतंय असं वाटतं. यादीतली ‘अंगातली तगमग’ आठवा. माझा भाऊ एकदा सलग चार रात्री खोलीत येरझारा घालत होता. आम्ही ठरवून टाकलं की आजार उलटला, आणि डोस वाढवा म्हणून डॉक्टरांच्या मागं लागलो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! डॉक्टरांनी त्याला पाच मिनिटं चालताना आणि बसताना पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि डोस उतरवला. तिसऱ्या दिवशी तो शांत झोपला. नंतर तो म्हणाला की त्या चार रात्रींत त्याला आवाज एकदाही ऐकू आले नव्हते, फक्त स्वतःच्या शरीरातून बाहेर पडावंसं वाटत होतं. तो हे बोलला ते आम्ही विचारलं म्हणून. ‘मरणाचे विचार येतात का’ हे विचारल्यानं ते विचार येतात, ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. उलट, विचारल्यावर अनेकांना हायसं वाटतं.

उरला नजर ठेवण्याचा मुद्दा. घरच्यांनी पाळत ठेवावी, दवाखान्यानं दारं बंद ठेवावीत, ही मागणी ऐकायला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द ज्यांनी दिला त्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1911 सालीच लिहून ठेवलं होतं की आत्महत्येची ओढ हे या आजाराचं सर्वांत गंभीर लक्षण आहे. पण त्याच ओघात ते हेही म्हणून गेले, की तिला अडवण्याच्या नावाखाली रुग्णावर अखंड, मानहानी करणारी पाळत ठेवून आपण त्याचं जगणं आणखी असह्य करतो. शंभराहून अधिक वर्षं झाली, पहिलं वाक्य सगळ्यांनी उचललं, दुसरं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढं जर्मनीतल्या 21 मनोरुग्णालयांतल्या 15 वर्षांच्या, साडेतीन लाखांच्या आसपास भरतींच्या नोंदी तपासल्या गेल्या. 2016 साली आलेल्या त्या अभ्यासानुसार कुलूपबंद दारांच्या रुग्णालयांत आत्महत्या कमी झाल्या होत्या असं दिसलं नाही. हा नोंदींवरचा अभ्यास आहे, त्याला त्याच्या मर्यादा आहेत. आणि काही रात्री अशा असतात की माणसाला एकटं सोडायचं नसतं, घातक वस्तू दूर ठेवायच्या असतात, दवाखान्यात न्यायचंच असतं. त्या रात्रीसाठी पाळत ठीक. पण ती रात्र संपल्यावरही वर्षभर दाराला कडी लावू न देणं, प्रत्येक फोनवर कान ठेवणं, याला काळजी म्हणायचं की शिक्षा? ज्याला आपण ओझं झालोय असं आधीच वाटतंय, त्याला आपण रोज त्याचा पुरावा हातात देत असतो.

बरं, कुणावर नजर ठेवायची ते तरी ओळखता येतं का? ॲलेक्स पोकॉर्नी यांनी अमेरिकेतल्या 4,800 माजी सैनिकांची, जे मनोरुग्ण म्हणून भरती झाले होते, तपशीलवार माहिती घेऊन त्यांतले जास्त धोक्याचे 803 वेगळे काढले. त्यांचे निष्कर्ष 1983 साली छापून आले. एकूण 67 जणांनी आत्महत्या केली, त्यांतले 30 या 803 मधले होते. उरलेले 37 ‘फारसा धोका नाही’ या गटातले. म्हणजे 773 जणांवर शिक्का बसला तो विनाकारण आणि गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण आपल्या नजरेतून निसटलेच. त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत गणक आले, सूत्रं आली, तरी 2017 साली 50 वर्षांतले 365 अभ्यास चाळल्यावर भाकीत नाणेफेकीच्या जरासंच पुढं गेलेलं आढळलं. इंग्लंडमधल्या, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनं तर 2022 साली, स्वतःला इजा करून घेणाऱ्यांच्या बाबतीत, ‘कमी, मध्यम, जास्त’ अशा चिठ्ठ्या लावूच नका असं स्पष्ट सांगितलं.

मग धोक्याच्या घटकांची यादी कशाला हवी, असं कुणी विचारेल. तर ती माणसं निवडण्यासाठी नाहीच. गळक्या छपराखाली कोण भिजेल याचा अंदाज बांधत कुणी बसत नाही, छप्पर शाकारतात. नैराश्य दिसलं तर त्यावर वेगळे उपचार करा, ‘ते या आजारातलंच’ म्हणून सोडू नका. तगमग दिसली तर डोस तपासा. व्यसनावर बोला. हे सगळ्यांसाठी करा, 803 जणांसाठीही आणि उरलेल्या चार हजारांसाठीही.

आणि डिस्चार्जनंतरचे दिवस सांभाळा. ब्रिटनमध्ये मानसिक आरोग्य सेवांतल्या रुग्णांच्या आत्महत्यांची देशभर चौकशी वर्षानुवर्षं चालू आहे. रुग्णालयातून घरी गेल्यावरचे पहिले एक-दोन आठवडे सर्वांत धोक्याचे आणि त्यातही दुसरा-तिसरा दिवस, हे त्या चौकशीतून पुन्हा पुन्हा पुढं आलं. त्यावरून तिथं पाळत वाढवली नाही, फॉलो-अप अलीकडं आणला. आधी सात दिवसांत भेट हा दंडक होता, 2020 पासून इंग्लंडमध्ये तो 72 तासांवर आला. यात खर्च आहे, माणसं लागतात, हे खरं. पण अगदी कमी खर्चाचीही एक गोष्ट होऊन गेली आहे. सॅन फ्रान्सिस्कोतले डॉक्टर जेरोम मोटो यांनी नैराश्यामुळं किंवा आत्महत्येच्या विचारांमुळं भरती होऊन गेलेल्या, पुढचे उपचार नाकारलेल्या 843 जणांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं, वर्षातून किमान चार वेळा, रुग्णालयात त्यांच्याशी बोललेल्या व्यक्तीकडून दोन-चार ओळींचं पत्र जायचं. त्यात उपदेश नसे, तपासणीला या असा आग्रह नसे. तुमची आठवण आहे, कसे आहात, लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, एवढंच. पहिल्या दोन वर्षांत या गटातल्या आत्महत्या दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होत्या. हे सगळे स्किझोफ्रेनियाचे रुग्ण नव्हते, तेव्हा आकडा जसाच्या तसा इथं आणता येणार नाही. आणि पत्र म्हणजे उपचार नव्हे.

तरीही भावाचा डिस्चार्जचा कागद मी अधूनमधून काढून बघते. त्यावर निदान आहे, गोळ्यांची नावं आहेत, सकाळ-दुपार-रात्रीचे रकाने आहेत, पुढची भेट एक महिन्यानं असं लिहिलेलं आहे. तिसऱ्या दिवशी त्याला फोन कोण करणार, यासाठी रकाना नाही. तेव्हा आम्ही तो पेननं आखला, खाली, सहीच्या शेजारी जागा होती तिथं.